खाली कोण हाय?

प्रज्ञाताईच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तवा ती लॅपटॉपवर टाइप करून राहिली होती. मी बाकड्यावर बसलो. तिचं टाइप करणं संपलं, शेवटचं बटण दाबायला तिनं बोट उचललं, अन् दाबायच्या अदुगर मोठ्यानं इचारलं, "खाली कोण हाय?"

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. म्हणलं, "ताई, एक चप्पल हाय. एकच."

ती हसली न्हाई. बोट तसंच वर धरून माझ्याकडं पाहात राहिली. मी गप झालो तवा तिनं बटण दाबलं.

नंतर कळलं, ते इचारणं तिचं रोजचंच होतं. दुकान आखाडा बाळापूरला रोडावर, बाजूला सलीमभाईचा चहा, समोरून नांदेडचे ट्रक, अन् जवळची इहीर म्हणावी तर लई लांब. पण बटण दाबायच्या अदुगर ती इचारायचीच, अन् इचारल्यावर जरा थांबायची, जसं काही खालून कोणी ओ देणार हाय. गिऱ्हाईकं हसायची. मी तर नक्कल करायचो. लग्नात पंगतीला बसलो की पत्रावळ उचलून म्हणायचो, "खाली कोण हाय?" माझ्या अंगात तेवढी एकच विद्या, लोकाला हसवायची.

माझं नाव उत्तम. नाव ठेवायला आईबापानं घाई केली. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, ते सुकडी खायला मिळायची म्हणून. पुढं धंदा असा सापडला की त्याला अक्षर लागत न्हाई. इहिरीत उतरायचं. कोणाच्या पाईपाच्या बुडाचा फुटव्हॉल गाळानं भरला, कोणाच्या मोटारीतून पाणी गळून राहिलं, की लोक मला बोलावतात. वरून पाहणाऱ्याला वाटते केवढा धाडसी गडी. खरं असं हाय की वर मला कोणी काम देत न्हाई.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. उतरायच्या अदुगर मोटारीचा फ्यूज उपसायचा अन् खिशात घालून सोबत खाली न्यायचा. वर कोणाच्या हातात द्यायचा न्हाई, सख्ख्या भावाच्या बी न्हाई. फ्यूज आपल्यापाशी असला की वर कोणी काय बी करो, मोटार लागत न्हाई.

ही रीत प्रज्ञाताईच्या पेटीनं मोडली. तिनं न्हाई मोडली, पेटीनं मोडली.

लाईट कधी येईल कधी जाईल याचा आमच्याकडं भरवसा न्हाई. म्हणून लोक मोटारीला ऑटो बसवतात, लाईट आली की मोटार आपोआप लागते. ते आंधळं असते. इहिरीत पाणी हाय का न्हाई पाहात न्हाई. प्रज्ञाताई नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली होती, तिनं डोळे असलेली पेटी केली. अन् पेटीला सांगायला आपल्या मराठीत भाषा केली. शेतकऱ्यानं फोनवरून पेटीला लिहायचं, 'माणूस नाही आणि लाईट आली', की पेटी तसं वागणार. 'माणूस' म्हणजे इहिरीच्या काठावर एक दोरी लटकवलेली. उतरणाऱ्यानं ती वढायची, मग पेटीला कळते खाली माणूस हाय. वर आला की सोडायची. भाषेत ताईनं काही बदललं अन् बटण दाबलं की ते लोकाच्या फोनवर जायचं, तिथून पेटीत.

त्या भाषेत पहिल्यांदा तीनच जोड होते. ताई त्याला जोडच म्हणायची. 'आणि', 'किंवा', 'नाही'. दोन गोष्टी एकमेकीला बांधायचे शब्द. लोक यायचे अन् म्हणायचे, "ताई, अजून एक शब्द घाला की, तुमाला काय दोन मिनिटाचं काम." ती म्हणायची, "पाईपाचा जोड गळला तर पाणी दिसते. शब्दाचा जोड गळला तर कायच दिसत न्हाई."

दुसरं तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "नवा जोड एकटा येत न्हाई. जुन्या समद्या वाक्यात जाऊन बसते, अन् मला तिथं जाऊन पाहावं लागते कोणाला ढकललं."

ती खरंच जाऊन पाहायची. स्कूटीवर मागं वडलाला बसवून इहिरीइहिरीनं फिरायची. वडील म्हणजे दादाराव. त्यायला डावा हात न्हाई. ते आमच्या भागात झिरो वायरमन होते, म्हणजे पगार न्हाई, हुद्दा न्हाई, पण गावाची लाईट गेली की पोलवर तेच चढणार. एकदा सबस्टेशनला फोन करून लाईट बंद करायला लावली अन् चढले. तिकडून कोणीतरी चालू केली. नंतर समद्यानी त्या चालू करणाऱ्याला इचारलं, "अरे, चालू करायच्या अदुगर इचारलं न्हाईस का, वर कोण हाय म्हणून?" तो म्हणला, "इचारलं होतं. कोणी न्हाई म्हणले." अन् ते खोटं नव्हतं. त्यानं इचारलं तवा वर कोणी नव्हतं. इचारणं अन् बटण दाबणं याच्या मधी दादाराव चढले.

हे दादाराव स्वतः सांगायचे, चहा पिता पिता, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. ताई तवा मान खाली घालून काम करायची.

आता बापूरावाचं. बापूराव आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेतकऱ्यांचे म्होरके. माणूस वाईट न्हाई. ताईला 'पोरी' म्हणायचे, अन् पेट्या गावोगाव पोचल्या त्या त्यांच्याच शब्दानं. तकलीफ ही होती की लाईट आली की समद्या पेट्या एकदम मोटारी लावायच्या, अन् डीपी जळायचा. डीपी जळला की नवा यायला दिवसेंदिवस लागतात, तवर हळद वाळून जाते. दुसऱ्यांदा जळला तसे बापूराव दुकानात आले.

"पोरी, एक शब्द पाहिजे. 'मागून'. शेजाऱ्याची मोटार लागली, की जराशानं त्याच्या मागून माझी, माझ्या मागून पुढच्याची."

ताईनं लॅपटॉप मिटला. मग म्हणली, "काका, हा जोड साधा न्हाई. याच्या पोटात वेळ हाय."

"म्हणजे?"

"बाकीचे जोड इचारतात अन् लगेच सांगतात. हा इचारून थांबते."

बापूरावाला कळलं न्हाई. मला कळायचा प्रश्नच नव्हता. तवा ताईनं आमाला समद्यायला बाहेर काढलं अन् सलीमभाईच्या छपराखाली उभं केलं. नवा जोड घालायच्या अदुगर ती असंच करायची, वाक्य माणसात मांडून पाहायची. एक रिकामं स्टूल ठेवलं, ते 'माणूस'. दादाराव झाले 'नाही'. "नाहीला एकच हात लागते," ते म्हणले, "शेजारच्याला धरायला," अन् स्टुलावर हात ठेवला. ताई 'आणि'. मी 'लाईट'. सलीमभाई 'मागून'. बापूराव 'शेजारी'. हात धरा म्हणलं तवा बापूराव सलीमभाईचा हात धरायला जरा थांबले. मग धरला.

झालं असं की मी मधी. इकडून ताईनं हात धरलेला, तिकडून सलीमभाईनं.

"उत्तमभाऊ, तुमी अदुगर कोणाचे, ते ठरवायचं हाय," ताई म्हणली.

"ताई, मी आजवर कोणाचाच झालो न्हाई. बायकोला इचारा."

"बरं. समजा अदुगर माझे." तिनं मला वढलं. "बाबा, स्टुलावर कोण हाय?"

"कोणी न्हाई," दादाराव म्हणले.

"लाईट आली?"

"आली," मी म्हणलो.

"आता आपण समदे मिळून सलीमभाईपाशी. शेजारी लागायची वाट पाहायची. थांबा." आमी थांबलो. बापूराव म्हणले, "किती थांबायचं?" तेवढ्यात ताईनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली अन् स्टुलावर ठेवली. "आता बापूकाका, तुमची मोटार लागली. झालं. सलीमभाई, वाट पाहणं संपलं. आपली मोटार लागली."

समदे हसायला लागले, की खेळ जमला. दादाराव हसले न्हाई. ते स्टुलाकडं पाहून राहिले होते. मग आमी बी पाहिलं. टोपी माझी, तेलकट, मधी खड्डा पडलेली. मी उचलायला गेलो तर ताई म्हणली, "राहू द्या."

नंतर तिनं उलटं करून दाखवलं. अदुगर मी सलीमभाईचा. लाईट आली, शेजाऱ्याची वाट पाहिली, शेजारी लागला, अन् मग शेवटी दादारावाला इचारलं, स्टुलावर कोण हाय? टोपी होती. मोटार लागली न्हाई.

"असं पाहिजे," ताई म्हणली. "इचारायचं शेवटी. बटणाला हात लावायच्या वक्ताला." तिनं 'मागून' तसाच घातला, की तो 'आणि'पेक्षा घट्ट धरील. बटण दाबताना इचारलं, "खाली कोण हाय?" मी म्हणलो, "माझी टोपी."

पावसाळाभर मोटारी बंदच, कोणाला काय कळलं न्हाई. दिवाळीनंतर हळदीला पाणी द्यायची वेळ आली अन् डीपी टिकला. लोक खुश. पेटीवर लोकाचा एवढा भरवसा बसला की इहिरीत उतरताना फ्यूज उपसायचं समद्यानी सोडून दिलं. दोरी वढली की झालं. फ्यूज उपसायला डब्बा उघडा, बोटाला झटका खा, कोण करते. मी तर पहिल्या दिवसापासून सोडलं. आळसात मला कोणी मागं टाकू शकत न्हाई.

ताईला हे कळलं तवा ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली. "काहून सोडलं? पेटी ही फ्यूजच्या जागी न्हाई, फ्यूज असून वरून हाय."

"ताई, तुमच्या भाषेवर भरवसा हाय माझा."

"भाषेवर भरवसा ठेवू नका. ती माझ्यासारख्याच माणसानं केली."

मग दोरीची भानगड निघाली. लोक खाली जाताना दोरी वढायचे अन् वर आल्यावर सोडायला इसरायचे. मग त्या इहिरीची पाळी आली की पेटी शेवटी इचारायची, 'माणूस हाय' म्हणून मोटार लागायची न्हाई, अन् तिची मोटार लागली न्हाई म्हणून तिच्या मागची, तिच्या मागची, समदी रांग अडकून बसायची. एकाच्या इसरण्यानं दहा जणांचं पाणी जायचं. पुन्हा लोक दुकानात. या वेळेला बापूरावासोबत पुरी गर्दी.

"पोरी, हे इचारणं अदुगर घे. ज्याच्या इहिरीत माणूस हाय तो सुरुवातीलाच रांगेतून बाहेर. बाकीच्याची रांग चालू."

"काका, दोन्हीकडं इचारायला लागल. अदुगर बी अन् शेवटी बी. त्याला जोड नव्यानं लिहावा लागते, समद्या इहिरीवर जाऊन पाहावं लागते. मला थोडे दिवस द्या."

"दिवस कुठं हायेत? हळदीचं पान पिवळं पडून राहिलं. तवर तेवढा 'मागून' सैल कर. नंतर तुझं नीट करत बस."

ताई म्हणली, "न्हाई."

मागून कोणीतरी म्हणलं, "कोण मरून राहिलं खाली?" बापूराव माझ्याकडं वळले. "खरंच की. खाली जाते कोण? हा उत्तम्याच तर जाते."

समदे माझ्याकडं पाहायला लागले. ताई बी. तिनं मला इचारलं, एकदम हळू, "उत्तमभाऊ, खाली तुमी असता. तुमी सांगा."

आता एवढ्या लोकात मला कोणी कधी काय इचारलं न्हाई. अंगात वारं शिरलं. मी म्हणलो, "ताई, खुशाल घाला. मला काय व्हते. यमराज माझ्या घरून दोनदा वापस गेला, म्हणला असलं न्हाई पाहिजे."

गर्दी हसली. लई हसली. एवढं हसवलं मी आजवर कधी न्हाई. ताई लॅपटॉपकडं वळली. टाइप केलं, बोट उचललं. "खाली कोण हाय?"

"कोणी न्हाई," मी म्हणलो. "मी तर इथंच हाय."

खुर्चीवर दादाराव बसले होते. ते उठून बाहेर गेले. तिनं बटण दाबलं.

त्याच हप्त्यात बापूरावाच्या इहिरीत मोटारीजवळून पाणी गळायला लागलं. दुपारची वेळ. मोटार अर्ध्या इहिरीत दगडी पाटावर बसवलेली. मी गेलो, दोरी वढली, उतरलो. लाईट होती, मोटार बंद होती, शेजारची चालू असल्याचा आवाज येऊन राहिला होता. मला वाटलं आज बापूरावाची पाळी उशिरा. पाटावर बसून, मोटार अन् पंप जिथं जुळतात तिथं बोटं घातली.

पेटीनं इचारलं होतं. लाईट आली तवाच इचारलं होतं, अन् तवा खाली खरंच कोणी नव्हतं. मग ती शेजाऱ्याच्या मागून थांबली होती. माझ्या दोरीकडं तिनं पुन्हा पाहिलंच न्हाई.

वर पेटीत टक् झालं. एवढं बारीक, जसं कोणी जीभ टाळूला लावली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. बापूरावानंच खटका पाडला, मला खांद्यावर वर आणलं अन् जीपमधून नांदेडला नेलं. वाटभर ते 'उत्तमराव' म्हणून राहिले होते. मला वाटलं मेलो, म्हणूनच एवढा मान. पण अंगठा वाचला. माझी सही तीच, म्हणजे शिक्षण शाबूत राहिलं. हे मी दवाखान्यात ताईला बोललो. तिला हसवायला बोललो. ती खाटेजवळ उभी होती, हातात माझी टोपी, इहिरीच्या काठावर राहिलेली.

"इचारलं तवा तुमी इथं होता," ती म्हणली. टोपी माझ्या उशाशी ठेवली.

त्यानंतरची प्रज्ञाताई मी सांगतो ती कोणाला फार माहीत न्हाई. तिनं दोन्हीकडं इचारणारा जोड लिहिला. आमच्या डीपीवरच्या पेट्या बदलल्या, बापूरावानं स्वतः हात जोडून बदलून घेतल्या. पण तोवर तो सैल 'मागून' फोनाफोनी फिरला होता. बापूरावाच्या साडूनं पुसेगावला नेला, तिथून कोणी हट्ट्याला, तिथून कुठं कुठं. लोक व्हाट्सअपवर एकमेकाला पाठवायचे, 'डीपी जळत न्हाई' म्हणून. कोणाकोणाच्या पेटीत तो जाऊन बसला, कोणाला पत्ता न्हाई.

ती स्कूटीवर निघायची, मागं दादाराव. मी बी जायचो, हाताला पट्टी. शेतकरी म्हणायचे, "ताई, आमचं बराबर चालू हाय, तुमी हात लावू नका." ती वाद घालायची न्हाई. म्हणायची, "मी खाली उतरते. तुमी पेटीपाशी कान लावून बसा." लाईट आली की ती फ्यूज उपसायची, ओढणीच्या टोकात बांधायची, दोरी वढायची अन् उतरायची. शेजाऱ्याची मोटार लागायची. मग आमी वर बसायचो, गप. अन् थोड्या वेळानं पेटी टक् करायची.

खालून तिचा आवाज यायचा, "ऐकलं का?"

फ्यूज तिच्यापाशी होता म्हणून मोटार लागली न्हाई. पण पेटीला खाली माणूस दिसला न्हाई हे मालकाला कळायचं. त्याचा चेहरा उतरायचा. तो म्हणायचा, "बदला ताई." एखादा म्हणायचा, "मोटार तर न्हाई लागली, मग काय झालं?" तिथं ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची, पुन्हा उतरायची.

मी एकदा म्हणलं, "ताई, मला उतरवा, माझा तो धंदा हाय." ती म्हणली, "तुमी एकदा सांगून पाहिलं. आता मला सांगू द्या."

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. डेंगी म्हणले. आठवडा बी न्हाई लागला. दवाखान्यात शेवटी शेवटी ती तापात बोलायची, दादाराव कान लावून बसायचे. ते बाहेर आले तवा मी त्यायला इचारलं, काय म्हणते. ते म्हणले, "गावाची नावं घेऊन राहिली. राहिलेल्या."

"कोणती?"

"एक सांगते, पुन्हा तेच सांगते. मधीच झोपते."

कोणत्या इहिरी राहिल्या ते तिच्यासोबत गेलं. तिनं लिहून ठेवलं असतं तरी मला कुठं वाचता येते. दुकान आता बंद हाय. दादाराव सलीमभाईच्या छपराखाली बसतात. मी चहा प्यायला गेलो की ते एकच इचारतात, "फ्यूज?" मी खिसा थापटून दाखवतो.

मी अजून उतरतो. आठ बोटाचा म्हणून मजुरी कमी देतात, ते बी बराबरच हाय. बायको कपडे धुताना खिशात फ्यूज सापडला की शिव्या देते, कोणाचा तरी द्यायचा राहून जाते. परवा हट्ट्याच्या पलीकडं एका मळ्यात गेलो होतो. मालक नवीन, मला वळखत न्हाई. पेटी ताईचीच होती, तिच्या हातानं रंगवलेला निळा डब्बा. मी इचारलं, "ही ताईनं येऊन बदलली होती का?" तो म्हणला, "काय की. भावानं घेतली, चालू हाय."

लाईट होती. मी दोरी वढली. फ्यूज उपसला, खिशात घातला, वरून रुमाल कोंबला. उतरलो. खाली गार होतं. पाटावर बसून हात पंपाला लावला, अन् लांब कुठंतरी शेजाऱ्याची मोटार लागली. मी हात काढून घेतला. खिशावर ठेवला. थांबलो.

वर पेटीत टक् झालं.

मी खालून ओ दिली, "मी हाय."